उन्हापासून जपलेली लेक

कारखान्यात तिला सगळे लॅम्पमावशी म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथंच राहिलं. सकाळी सहा ते दुपारी दोन, वर्षानुवर्षं एकच खोली, आणि त्या खोलीला खिडकी नाही. अंगात गळ्यापर्यंत बंद होणारा जाड कोट, हातात कोपरापर्यंत मोजे, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा. या अवतारात ती बाहेर आली की कॅन्टीनवाला विचारायचा, "मावशी, आत तुम्हीच आहात ना?" आणि ती म्हणायची, "नाही, माझी सासू आहे. चहा दे."

खोलीच्या मधोमध पोलादी टाकी होती आणि टाकीत पुरुषभर उंचीचे तीन दिवे. मेंढीच्या लोकरीला जो तेलकटपणा असतो तो धुऊन काढायचा, शेजारच्या शेडमध्ये त्याच्यावर नाना प्रकार करायचे, आणि शेवटी त्याची पांढरी पावडर हाती यायची. ती पावडर विरघळवून दिव्यांच्या अंगावरून सोडायची. किती वेगानं सोडायची, हे लॅम्पमावशीनं बघायचं. वहीत आकडे होते, पण दिवे जुने होत गेले की आकडे खोटे पडत. भराभर सोडलं तर माल कोराच बाहेर येई, रेंगाळू दिलं तर तोच उजेड त्याचं भलतंच काहीतरी करून ठेवी. सगळी पावडर बदलेपर्यंत थांबायचंच नसतं, निम्मी व्हायच्या आत हात आवरता घ्यायचा असतो, ही गोष्ट तिला जितकी कळे तितकी पदव्या घेऊन आलेल्यांनाही कळत नसे. पुढं तो माल काही तास नुसता उबेत ठेवायचा, तेलात मिसळायचा, की झालं काम. पिंपं भरायची. पिंपावर एक लांबलचक नाव आणि त्याखाली कोंबडीचं चित्र. कोंबड्यांच्या खाद्यात हे तेल घातलं की अंड्यांची कवचं टणक होतात, पिलांचे पाय वाकत नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं. तुम्ही काय बनवता असं कुणी विचारलं, तर ती सांगायची, कोंबड्यांचं औषध.

उजेडाची भीती तिला दुसऱ्याच महिन्यात बसली. तिच्याबरोबर कामाला लागलेल्या बाईनं टाकीचं झाकण उघडं असताना घाम पुसायला मुखवटा वर केला. काही मिनिटं, जास्त नाही. त्या वेळी काहीच झालं नाही. संध्याकाळी मात्र ती बाई डोळ्यांत वाळू भरल्यासारखी ओरडत होती. तीन दिवस तिला भिंतीला धरून चालावं लागलं. ती परत कामावर आली नाही. पुढं लॅम्पमावशीच्याच मनगटावर, मोजा आणि बाही यांच्यामध्ये दोन बोटांची फट राहिली. तेवढीच पट्टी भाजली, सोलली आणि कायमची काळी पडली. दरवर्षी केमिस्टसाहेब सगळ्यांना बसवून भाजलेल्या डोळ्यांचे फोटो दाखवत आणि म्हणत, "जो उजेड दिसतो त्याला घाबरू नका. जो दिसत नाही तो जाळतो." इतर जणी जांभया देत. लॅम्पमावशी एकेक शब्द गाठीला बांधून घरी नेई.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिला मुलगी झाली, आणि पहिल्याच दिवशी खिडकीतून पाळण्यावर उन्हाचा पट्टा पडलेला पाहून तिनं पाळणा ओढून भिंतीकडं सरकवला. ऊन म्हणजे तरी काय, मोठा दिवाच की. तिनं दुसऱ्या दिवशी खिडक्यांना जाड पडदे शिवले. पोर बाहेर न्यायची तर डोक्यावर टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा झगा, पायांत मोजे, वरून छत्री. लेकीला तिनं तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि हे मी थट्टेनं सांगत नाही. तिच्याइतकं आपल्या लेकराला जपलेली बाई मी पाहिलेली नाही.

शेजारणींना तर कौतुकच वाटलं. ऊनवारा न लागलेली ती पोर अशी उजळ दिसे की जिन्यातल्या बायका तिला साय म्हणायला लागल्या. "काय गोरी ठेवलीय गं पोर!" असं कुणी म्हटलं की लॅम्पमावशीला बरं वाटायचं. कुणाला नाही वाटणार? गोरेपणाचं कौतुक करायला सगळी इमारत होती. पोर दीड वर्षाची झाली तरी उभी राहत नाही, हे त्यांतल्या एकीलाही दिसलं नाही.

लहान बाळांच्या दवाखान्यात एका नर्सनं थेंबांची बाटली दिली होती. रोज एक थेंब, वर्षभर, असं बजावून. घरी येऊन लॅम्पमावशीनं चष्मा लावून बाटलीवरचं नाव वाचलं. एकेक अक्षर जुळवत गेली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पिंपावरचं तेच नाव! वर्षानुवर्षं जे नाव ती कोंबडीच्या डोक्यावर वाचत आली होती, तेच. गरिबाचं पोर म्हणून कोंबड्यांचं उरलंसुरलं पाजायला निघाले, असं म्हणत तिनं बाटली मोरीत रिकामी केली. ती बनवणारी तीच, ओतणारीही तीच. नर्सला जाब विचारायला जाणार होती, पण दुसऱ्या दिवशी सहाची पाळी होती, ते राहून गेलं.

पोर उशिरा चालायला लागली, आणि चालली ती गुडघ्यांत बाक घेऊन. नवरा तोवर घर सोडून गेला होता. दुसऱ्या गावी काम मिळालं म्हणून गेला तो गेलाच. तो चालताना जरासा झोके खात असे, तेवढं लॅम्पमावशीला पुरलं. "बापावर गेलीय," ती सगळ्यांना सांगे. "त्यांच्या घराण्यात सगळ्यांचे पाय असेच." घराण्यातल्या किती जणांचे पाय तिनं पाहिले होते, ते तिलाच माहीत. पण घरात नसलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं.

शाळेत तिनं चिठ्ठी दिली होती, माझ्या मुलीला मैदानावर सोडू नये. साय मधल्या सुट्टीत वर्गात बसे, फळा पुसे, बाईंच्या वह्या लावून ठेवी. जिने चढताना कठड्याला दोन्ही हातांनी धरे. मांड्या दुखतात म्हणून रडली की लॅम्पमावशी तेल लावून चोळून देई आणि म्हणे, वाढीचं दुखणं असतं ते, सगळ्यांना होतं.

चौदाव्या वर्षी साय मोरीत घसरली. पडली म्हणण्यासारखंही नव्हतं, नुसता हात टेकला. मनगट मोडलं.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी मनगटाचा फोटो पाहिला, मग न सांगता गुडघ्यांचे काढायला लावले. फोटो त्यांनी दिव्यासमोर धरून दोनदा पाहिले. मग त्यांनी विचारलं, "मुलगी उन्हात जाते?"

लॅम्पमावशी खुर्चीत ताठ बसली. "एक दिवस नाही," ती म्हणाली. "पाळण्यात होती तेव्हापासून नाही. विचारा कुणालाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "लहानपणी थेंब दिले होते का?"

"आठवत नाही," लॅम्पमावशी म्हणाली. तिला मोरी आठवत होती, बाटली आठवत होती, बाटलीचं बूच कुठं पडलं तेसुद्धा आठवत होतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हाडं मऊ राहिली आहेत, अंगाचा भार पेलला नाही म्हणून वाकली आहेत, ऊन आणि औषध दोन्ही आजपासून सुरू करा, असं त्यांनी सांगितलं आणि चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीवर पिंपावरचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ती कोट न काढताच केमिस्टसाहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. साहेब आता निवृत्तीला आले होते.

"साहेब, आपण बनवतो काय?"

"एकोणीस वर्षांनी विचारताय, मावशी?" ते हसले. तिचा चेहरा पाहून हसायचे थांबले.

मग त्यांनी नीट सांगितलं. माणूस वाईट नव्हता. "तुमच्या टाकीत जी पावडर फिरते ना, तीच आपल्या कातडीत असते. प्रत्येकाच्या. मेंढीला लोकरीत, आपल्याला कातडीत. त्यावर ऊन पडलं की त्यातली एक कडी तुटते. उजेडाचं काम एवढंच. मग अंगाच्या उबेनं ती आपली आपण वळते, हळूहळू, आणि जे तयार होतं ते तुमच्या पिंपात असतं तेच. रक्तातून ते आधी यकृतात जातं, मग मूत्रपिंडात, तिथं त्याच्यावर शेवटचा हात फिरतो. ते नसलं तर खाल्लेलं कॅल्शियम हाडापर्यंत पोचत नाही. हाड मऊ राहतं."

"आपल्याकडं होतं तेच सगळं?"

"तेच. फक्त तिथं वेळ बघायला मावशी लागत नाही. जास्त ऊन झालं तर जास्तीचं झालेलं कातडी आपणच मोडून टाकते."

"पण ऊन म्हणजे दिवाच ना?"

"नाही हो. आपल्या दिव्यातला सगळ्यात जहाल उजेड सूर्याकडून खाली पोचतच नाही, वरच्या हवेतच अडतो. उन्हानंही भाजतं, नाही असं नाही, पण फार वेळ बसलं तर. लेकराला थोडं ऊन, उघड्या हातापायांवर, दुपारच्या आसपास. बस्स."

तिनं हातातले मोजे काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "आजारी असली की ती खिडकीशी बसायची. पडदा सारून. काच लावलेली असायची."

साहेबांनी मान हलवली. "काचेतून तो उजेड येत नाही, मावशी. काचेतून नुसती ऊब येते."

"तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत."

"मला तुमचे डोळे वाचवायचे होते," साहेब म्हणाले. "घाबरवणं एवढंच काम होतं माझं. ते मी चांगलं केलं."

कारखान्यात बातमी पसरायला असा किती वेळ लागतो? कुणीतरी 'दिव्याखाली अंधार' म्हणालंच. म्हणणाऱ्याचं काय जातं! कॅन्टीनवाल्यानं मात्र त्या दिवसापासून सासूचा विषय काढला नाही.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसा आता झोपा सुरू झाला. रोज दुपारी घरी आली की लॅम्पमावशी लेकीला गच्चीवर न्यायची. तीन मजले चढायला सायला पाव तास लागे. वर गेल्यावर वेगळंच. चौदा वर्षं जिला सांगितलं होतं की ऊन डोळे खातं, ती पोर उन्हात उभी राहीना. डोळे गच्च मिटून, हात पोटाशी धरून, भिंतीच्या सावलीत घुसायला बघायची.

"बाळा, हात पुढं कर. काही होत नाही."

"भाजेल."

"नाही भाजत गं. मी सांगते ना."

"तूच सांगितलं होतंस भाजतं म्हणून."

बाह्या वर करायला ती कशीबशी तयार झाली. पायांवर ऊन घ्यायला मात्र तिनं साफ नकार दिला. आजूबाजूच्या गच्च्यांवर बायका कपडे वाळत घालत होत्या आणि सायला आपले पाय कुणाला दाखवायचे नव्हते. लॅम्पमावशीनं दोरीवर दोन चादरी आडव्या टाकल्या आणि त्यांच्यामधे लेकीला बसवलं. स्वतः बाहेर पहारा देत उभी राहिली. खालून एक शेजारीण ओरडली, "आता गं कशाला रापवतेस पोरीला? एवढी जपलेली!" लॅम्पमावशीनं ऐकलं न ऐकलं केलं. कशी आहे ही बाई, असं म्हणत शेजारीण आत गेली.

औषध चालू, ऊन चालू, महिन्यामागून महिने. मांड्यांचं दुखणं कमी झालं. साय रात्रभर झोपायला लागली. जिना आता दहा मिनिटांत चढू लागली. लॅम्पमावशीच्या मनात काय चाललं होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण सांगायला हवं होतं असंही नाही. ती रोज लेकीला भिंतीशी उभं करून दोन गुडघ्यांमधल्या जागेत आपली मूठ घालून बघायची. मूठ रोज आरामात बसायची. उद्या बसणार नाही, असं ती रोज स्वतःला सांगायची. कामावर तिचा हात पूर्वीइतकाच नेमका होता. वेळेच्या आत माल काढायचा, हे तिच्याइतकं कुणाला जमत नव्हतं.

चौदा महिन्यांनी नवे फोटो काढले. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं. "फार छान. हाडं पक्की झाली. इतकी चांगली सुधारणा मी कमी पाहिलीय."

लॅम्पमावशीचे डोळे भरून आले. पदरानं नाक पुसत ती म्हणाली, "मग आता सरळ कधी होतील?"

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवले. हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, असं त्यांना तेव्हा वाटलं असावं. "सरळ नाही होणार आता," त्या म्हणाल्या. "लहान असती तर वाढता वाढता झाली असती. हिची वाढ संपत आलीय. जशी आहेत तशी पक्की झालीत. आपण थांबवलं ते मऊपण. आकार तोच राहणार."

म्हणजे इतके दिवस ऊन आणि औषध मिळून तो बाकच पक्का करत होते. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. औषध न देता हाडं तशीच मऊ ठेवणं हा काही उपाय नव्हे. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, हाड कापून पुन्हा जोडता येतं. पण वाक एका जागी नाही, चार जागी आहे. कंबरही बसली आहे. गुडघे थोडे बरे दिसतील, चाल तीच राहील, दुखणं पुढं असणारच. ठरवा तुम्ही.

साय इतका वेळ शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मला आता कुणी मोडून नीट करू नका." आणि उठून, टेबलाला धरून, दाराकडं चालायला लागली.

त्यानंतर गच्चीवर जाणं हळूहळू बंद पडलं. चादरी दोरीवरून निघून पुन्हा अंथरुणावर आल्या. औषध तेवढं चालू राहिलं. लॅम्पमावशीनं एक गोष्ट मात्र लेकीला अजून सांगितली नव्हती. साय अजून आपले पाय बापाच्या घराण्याचेच समजते, असं तिला वाटे. बाटलीचं, पडद्यांचं, शाळेतल्या चिठ्ठीचं आपल्या पायांशी काय नातं ते तिला ठाऊक नाही, अशी लॅम्पमावशीची समजूत होती. सांगायचं तर कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि सांगून पाय थोडेच सरळ होणार होते? अशी तीन वर्षं गेली.

साय अठरा वर्षांची झाली तेव्हा तिनं नर्सिंगच्या शिक्षणाला अर्ज केला. अभ्यासात ती हुशार होती. वर्षानुवर्षं मधल्या सुट्टीत वर्गात बसून दुसरं करणार काय? लेखी परीक्षेत तिचं नाव वर आलं. मग तपासणीला बोलावलं. तिथल्या बाईंनी तिला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालायला लावलं आणि म्हणाल्या, "बाळ, आठ-आठ तास उभं राहायचं काम आहे हे. पेशंटला उचलावं लागतं. तुला नाही झेपणार." गोड बोलल्या. कागदावर शेरा मारला आणि पुढचीला हाक दिली.

लॅम्पमावशी बाहेर बाकावर वाट बघत होती. लेकीचा चेहरा पाहूनच तिला कळलं. दोघी घरी आल्या. सायनं चपला काढल्या आणि पलंगाच्या कडेवर बसली. पडदे कधीच काढून टाकलेले होते, खोलीभर उजेड होता, आणि त्या उजेडात ते पाय दिसत होते.

लॅम्पमावशी जमिनीवर तिच्यासमोर बसली. आता नाही सांगितलं तर कधीच नाही, असं तिला वाटलं. ती बोलायला लागली. बापाच्या घराण्याचं सगळं खोटं होतं. तुझे पाय मी असे केले. नर्सनं दिलेली बाटली मी ओतून दिली. तुला एक दिवस ऊन लागू दिलं नाही. मला कळत नव्हतं गं, मला वाटलं तुझे डोळे जातील. मी काय बनवत होते तेच मला माहीत नव्हतं. कुणी मला सांगितलंच नाही. एवढ्या वर्षांत एका माणसानं तरी तोंड उघडून सांगायचं होतं! बोलता बोलता ती रडायला लागली आणि लेकीच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं.

सायनं तिचं डोकं ढकललं नाही. थोपटलंही नाही. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं."

लॅम्पमावशीनं वर पाहिलं.

"पाचवीत. शाळेत धडा होता उन्हावर. हाडं कशी होतात त्याचा. मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आले होते. तुला वाचून दाखवलं सगळं. म्हटलं, आई, मला मैदानावर सोडायला सांग ना बाईंना."

"मग?"

"तू पुस्तक मिटलंस. म्हणालीस, ज्यानं हे लिहिलं त्यानं दिवा पाहिलाय का कधी? मी रोज बघते."

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला पत्ता सांगावा तसं तिनं ते सांगितलं.

"मी पुन्हा नाही विचारलं," साय म्हणाली. "मला वाटलं, तुलाच जास्त कळतं. तू तिथं काम करतेस."

लॅम्पमावशी आठवायचा प्रयत्न करत राहिली. स्वयंपाकघर आठवत होतं. पाचवीतली साय आठवत होती, तिच्या दोन वेण्या, तिचं कठड्याला धरून येणं. दवाखान्यातली बाटली, बाटलीचं बूच, सगळं अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढं होतं. पण पुस्तक हातात घेऊन दारात उभी राहिलेली लेक काही केल्या आठवेना.

"असं म्हणाले होते मी?" तिनं विचारलं.

"हो," साय म्हणाली, आणि उठायला म्हणून तिनं आईचा खांदा धरला.